आयपॅडनं पुस्तकं स्वस्त केली म्हणे!

‘पुस्तकप्रेमींनो, आता तरी जागे व्हा!’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या. दोन्हीकडे मी काणाडोळा केला. रोज येणाऱ्या ज्ञानाला उत्तरं देत बसलं तर पोटापाण्याचं काम कधी करायचं? पण मग तो थेट आमच्या मामांकडून आला आणि खाली त्यांची पुस्ती : ‘अगं, तू याच धंद्यात ना? मग हे आम्हाला आधी का नाही सांगितलंस? सावानाची (आपल्या सार्वजनिक वाचनालयाची) वर्गणी या महिन्यापासून बंद. टॅब हप्त्यावर बुक केलाय.’

मामा नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झाले. हयात छपाईत गेलेल्या माणसाला ‘कागद नाही, शाई नाही, मग पुस्तकाला खर्चच काय’ हे पटावं, याचा मला जास्त राग आला. मी अशोकस्तंभाजवळ अक्षरजुळणीचं काम करते. गेली काही वर्षं जुन्या मराठी पुस्तकांच्या ई-आवृत्त्याही करून देते. तेव्हा हे उत्तर मामांना, आणि ज्यांनी ज्यांनी तो मेसेज धड न वाचता पुढे ढकलला त्या सगळ्यांना.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेसेजचं म्हणणं असं : आयपॅड आला, अ‍ॅमेझॉनची मक्तेदारी मोडली आणि तेव्हापासून जगभर ई-बुकं स्वस्त झाली. ई-बुकाची खरी किंमत दहा रुपयेसुद्धा नाही, बाकी सगळी प्रकाशकांची लूट. टॅबवर सगळी दुकानं चालतात, त्यामुळे फॉरमॅटची कटकट संपली. एकदा घेतलेलं पुस्तक आयुष्यभर तुमचं, नातवंडांनाही द्या. किंडल-बिंडल (अ‍ॅमेझॉनचं ई-बुकं वाचायचं यंत्र) कचऱ्यात टाका, टॅबवर तस्संच दिसतं. आणि शेवटी ठळक अक्षरांत : वाचनालयाची वर्गणी बंद करा, खालच्या लिंकवर ४००० मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत, ‘ज्ञान वाटल्यानं वाढतं, किमान दहा जणांना पाठवा.’

पहिल्या दाव्यापासून सुरू करते, कारण तो नुसता चुकीचा नाही, बरोब्बर उलटा आहे. हे माझं मत नाही. अमेरिकेतल्या कोर्टानं १६० पानी निकालपत्रात लिहून ठेवलेलं आहे.

झालं होतं असं. अ‍ॅमेझॉननं नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल बाजारात आणलं तेव्हा गाजणाऱ्या नव्या इंग्रजी पुस्तकांची ई-आवृत्ती ९.९९ डॉलरला लावली. प्रकाशकाला मात्र ते एका प्रतीमागे बऱ्याचदा बारा-तेरा डॉलर मोजत होते. म्हणजे पदरचे पैसे घालून विक्री. का, तर लोकांनी किंडल घ्यावं आणि ई-बुक म्हटलं की दुसरं दुकान आठवूच नये. २००९ पर्यंत अमेरिकेतला ई-बुकांचा जवळजवळ ९० टक्के धंदा त्यांच्याकडे होता. प्रकाशकांच्या पोटात गोळा आला. गिऱ्हाइकाला दहा डॉलरची सवय लागली की उद्या हाच दुकानदार आपल्याला भाव पाडायला लावणार, आणि जाड पुठ्ठ्याच्या महागड्या आवृत्तीला कुत्रं विचारणार नाही.

२७ जानेवारी २०१० ला अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सनी आयपॅड दाखवला. सिनेमा, गाणी, खेळ, ईमेल, आणि जोडीला पुस्तकं. त्या पुस्तकांसाठी आयबुक्स नावाचं नवं दुकान. दुकानात माल हवा म्हणून अ‍ॅपलनं अशेत, हार्परकॉलिन्स, मॅकमिलन, पेंग्विन आणि सायमन अँड शूस्टर या पाच बड्या प्रकाशकांशी करार केले. किंमत दुकानदारानं नाही, प्रकाशकानं ठरवायची. अ‍ॅपल फक्त ३० टक्के कमिशन घेणार. वर एक कलम : तेच पुस्तक दुसऱ्या कुठल्या दुकानात स्वस्त मिळत असेल, तर अ‍ॅपलकडेही त्याच भावात द्यायचं.

मामा, या कलमाची मेख लक्षात घ्या. अ‍ॅमेझॉन ९.९९ लाच विकत राहिलं, तर प्रकाशकाला अ‍ॅपलकडेही ९.९९ लावावे लागणार, त्यातून ३० टक्के जाऊन हातात पडणार सात डॉलर. आधी अ‍ॅमेझॉन बारा देत होतं! मग हे नुकसान टाळायचं कसं? अ‍ॅमेझॉनचा हात पिरगाळून त्यांनाही हाच करार करायला लावायचा. तेच झालं. मॅकमिलननं ही मागणी पुढे केल्याबरोबर अ‍ॅमेझॉननं त्यांच्या पुस्तकांखालची खरेदीची बटणंच काढून टाकली, अगदी छापील पुस्तकांचीसुद्धा. पण थोड्याच दिवसांत त्यांना नमतं घ्यावं लागलं.

एप्रिल २०१० मध्ये आयपॅड दुकानांत आला आणि कालपर्यंत ९.९९ ला मिळणारी पुस्तकं १२.९९, १४.९९ ला दिसू लागली. किती वाढ झाली याचा आकडा निकालपत्रातच आहे. या पाच प्रकाशकांच्या ई-बुकांची किंमत अ‍ॅमेझॉनवर सरासरी १८.६ टक्क्यांनी चढली. त्यातही खूपविक्या यादीतल्या पुस्तकांची ४२.७ टक्क्यांनी. अमेरिकेच्या न्याय खात्यानं एप्रिल २०१२ मध्ये खटला भरला. प्रकाशकांनी एकेक करून तडजोड केली, अ‍ॅपल लढत राहिलं. १० जुलै २०१३ ला न्यायाधीश डेनीस कोट यांनी निकाल दिला की, किंमत चढवण्याच्या या कटात अ‍ॅपलचा वाटा मध्यवर्ती होता. २०१५ मध्ये अपिलातही दोन विरुद्ध एक असा तोच निकाल कायम राहिला. मार्च २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला, आणि वाचकांना परत देण्यासाठी अ‍ॅपलला ४० कोटी डॉलर मोजावे लागले.

आता सांगा, ज्या किमती ‘स्वस्त झाल्या’ त्यांच्याबद्दल गिऱ्हाइकांना ४० कोटी डॉलर परत का द्यावे लागतात?

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करून टाकते, नाहीतर कुणीतरी तेच धरून बसेल. अ‍ॅपल आल्यावर अ‍ॅमेझॉनचा ९० टक्के वाटा खरंच उतरला. अपिलातल्या ज्या एका न्यायाधीशानं वेगळं मत दिलं, त्याचंही साधारण हेच म्हणणं होतं : मक्तेदाराच्या अंगणात शिरायचं तर दुसरा मार्ग कोणता होता? मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण दुकानं वाढणं वेगळं आणि भाव उतरणं वेगळं. इथं दुकानं वाढली आणि भाव चढले. निकालानंतरही फार काही बदललं नाही. २०१४ मध्ये अशेत आणि अ‍ॅमेझॉन यांची पुन्हा जुंपली, आणि नोव्हेंबरमध्ये झालेल्या समझोत्यात ई-बुकाची किंमत ठरवायचा हक्क प्रकाशकाकडेच गेला.

आणि हे सगळं इंग्रजीचं, अमेरिकेतलं. किंडलच्या दुकानात मराठीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला तो डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. आयपॅडनं ‘तेव्हापासून’ मराठी ई-बुकं स्वस्त केली म्हणायचं तर त्या दुकानात तेव्हा मराठीचं खातंसुद्धा उघडलेलं नव्हतं.

आता दहा रुपयांचा मुद्दा. हा माझ्या पोटावर येणारा आहे, तेव्हा थोडी चिडचिड सहन करा.

समजा एका प्रकाशकाला १९९७-९८ सालचं पुस्तक ई-बुक म्हणून आणायचंय. त्याच्याकडे पेजमेकरची (पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची) फाइल आहे, म्हणजे तो नशीबवान. अनेकांकडे तीही नसते. फिल्म आणि बटरपेपर कधीच रद्दीत गेलेले असतात, मग छापील प्रत स्कॅन करण्यापासून सुरुवात. फाइल असली तरी ती जुन्या फॉन्टमधली. त्या काळात संगणकाला मराठी अक्षर कळतच नव्हतं. आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांच्यावर फक्त मराठी चेहरा चढवायचा. फॉन्ट काढला की पान म्हणजे नुसता आकड्यांचा, कंसांचा आणि डॉलरच्या चिन्हांचा सडा.

हे युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या लिपी-पद्धतीत आणायचं तर कन्व्हर्टर आहेत, पण ते शहाणे नाहीत. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. कन्व्हर्टरचं पाऊल एका अक्षरानं चुकलं की वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर. ‘कार्य’चा रफार सरकून ‘का’वर बसतो. ‘विठ्ठल’मधला जोडठ गायब होतो आणि तिथं एक रिकामा चौकोन येतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक तर बहुतेक कन्व्हर्टरच्या गावीच नसतो, आणि सह्याद्रीवरच्या पुस्तकात तो प्रत्येक पानावर लागतो. शोध आणि बदला करून निम्म्या चुका जातात. उरलेल्या निम्म्या माणसानं ओळ न् ओळ वाचून काढायच्या असतात. म्हणजे संपूर्ण पुस्तकाचं मुद्रितशोधन दुसऱ्यांदा. ते करणारी माणसं नाशिकमध्ये आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत, आणि त्यांनी ते फुकट करावं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा तीनशे पानांची ऐतिहासिक कादंबरी घेऊन माझ्या टेबलावर येऊन बसावं. चहा मी देईन.

कागद, छपाई, बांधणी, गोदाम हे वाचतं, कबूल. पण लेखकाचं मानधन वाचत नाही, संपादन वाचत नाही, मुखपृष्ठ वाचत नाही, दुकानाचं कमिशन तर मुळीच वाचत नाही. किंडलवर स्वतः पुस्तक टाकणाऱ्याला ३५ किंवा ७० टक्के मिळतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ते ई-बुक दुसरीकडे कुठेही न विकण्याची अट मान्य करावी लागते. अट नको असेल तर ३५. दहा रुपयांच्या पुस्तकावर होतात साडेतीन रुपये. त्यात लेखक, मी आणि मुद्रितशोधक, तिघांनी भागवायचं. (या अटीकडे जरा लक्ष द्या. दुकानांमधली स्पर्धा वाढावी म्हणून काही ही अट घातलेली नाही.)

आणि कर. हा मुद्दा मामांनाच काय, मला भेटलेल्या दोन-तीन लेखकांनाही माहीत नव्हता. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. ई-बुकावर सुरुवातीला चक्क १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला, पण ज्या ई-बुकाची छापील आवृत्ती आहे त्यालाच ही सवलत मिळाली. सरकारनं केलेली व्याख्याच मुळी ‘छापील पुस्तकाचं इलेक्ट्रॉनिक रूप’ अशी होती. म्हणजे ज्या लेखकानं खर्च वाचवायला पुस्तक थेट डिजिटल काढलं, त्याच्या वाचकाला कर जास्त! किमतीबद्दल ओरडायचंच असेल तर इथं ओरडा, मीही येते बरोबर.

काही प्रकाशक ई-बुकाला छापील प्रतीएवढीच किंमत लावतात आणि छापील प्रत सवलतीत ई-बुकापेक्षा स्वस्त पडते, हे मला माहीत आहे. मलाही ते पटत नाही. त्यांना वाटतं, ई-बुक स्वस्त केलं तर छापील पडून राहील. २०१० च्या अमेरिकेतली तीच भीती. पण म्हणून दहा रुपये?

तिसरा दावा : टॅबवर सगळी दुकानं, फॉरमॅटची कटकट संपली, पुस्तक कायमचं तुमचं.

पहिला तुकडा खरा आहे. किंडलच्या यंत्रावर एकच दुकान उघडतं; टॅबवर किंडलचं अ‍ॅप टाका, गूगल प्ले बुक्स टाका, कोबो टाका, बुकगंगा टाका. चार दुकानांतले भाव पाहून घ्या. टॅबनं वाचकाला दिलेली खरी देणगी म्हणाल तर हीच, यंत्र आणि दुकान यांची बांधलेली गाठ सुटली. पण दुकानाचा गाळा कुणाचा, हा प्रश्न मेसेजवाल्याला पडलेला नाही.

मामांनी मागे फोनवर किंडलचं अ‍ॅप टाकलं होतं. हवं ते पुस्तक शोधलं, नमुना वाचला आणि मला फोन : ‘अगं, विकत घ्यायचं बटणच नाही!’ त्यांना वाटलं पुस्तक संपलं. ई-बुक संपत नसतं. बटण नाही याचं कारण, तो गाळा दुसऱ्याच्या मालकीचा आहे. आयपॅड आणि आयफोनवरच्या अ‍ॅपमध्ये डिजिटल वस्तू विकायची तर अ‍ॅपलची पैसे घेण्याची यंत्रणा वापरायची आणि त्यांना ३० टक्के द्यायचे, असा नियम २०११ मध्ये अ‍ॅपलनं कडक केला. आता हिशेब मांडा. शंभराच्या पुस्तकातले ७० प्रकाशकाचे, ३० दुकानाचे. ते तीसच्या तीस अ‍ॅपलला दिले तर दुकानदारानं खायचं काय? अ‍ॅपलचं स्वतःचं पुस्तकांचं दुकान मात्र त्याच पडद्यावर, त्याला हे भाडं नाही. म्हणून जुलै २०११ मध्ये किंडलच्या अ‍ॅपमधून दुकानाचं बटण गेलं. अँड्रॉइडवर बराच काळ होतं. गूगलनं आपल्या पैसे घेण्याच्या यंत्रणेची सक्ती केली तेव्हा, २०२२ मध्ये, तिथूनही गेलं. अमेरिकेत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीनं अ‍ॅपलला कोर्टात खेचल्यावर मे २०२५ मध्ये तिथल्या आयफोनवर बटण परत आलं. आपल्याकडे स्पर्धा आयोगानं गूगलला याच सक्तीवरून ऑक्टोबर २०२२ मध्ये ९३६ कोटींचा दंड ठोठावला, अपिलात तो बराच खाली आला.

उपाय सोपा आहे : ब्राउझरमध्ये दुकानाची साइट उघडायची, तिथं पैसे भरायचे, पुस्तक अ‍ॅपमध्ये आपोआप येतं. पण ‘टॅबमुळे दुकानांमध्ये खुली स्पर्धा’ असं म्हणणाऱ्यानं आधी हे सांगावं की, टॅबचा मालकच शेजारी दुकान थाटून बसलेला असताना स्पर्धा खुली कशी?

फॉरमॅटचं तर विचारूच नका. जगभर चालणारा ईपब हा ई-बुकाच्या फाइलचा खुला फॉरमॅट आहे, २००७ पासून. अ‍ॅमेझॉननं स्वतःचा वेगळा ठेवला. बाहेरची ईपब फाइल किंडलला पाठवायची सोय २०२२ मध्ये त्यांनी दिली, पण किंडलवर विकत घेतलेलं पुस्तक गूगलच्या अ‍ॅपमध्ये उघडत नाही, गूगलचं किंडलमध्ये नाही, बुकगंगाचं बुकगंगातच वाचायचं. टॅब एक, पण त्यात कपाटं चार आणि कुलपंही चार. एकाच लेखकाचे तीन खंड तीन अ‍ॅपमध्ये अडकून पडलेले वाचक मी पाहिलेत. कटकट संपलेली नाही, काचेमागे गेलीय.

आणि ‘कायमचं तुमचं, नातवंडांना द्या’ हे वाचून तर मला हसूच आलं. तुम्ही विकत घेता ती वाचायची परवानगी. फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये ई-बुकं विकायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये दुकान गुंडाळलं. गिऱ्हाइकांना कोबोकडे जायला सांगितलं. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-बुकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडायचीच थांबली. पैसे परत दिले, पुस्तकं नाहीत. समासात केलेल्या नोंदींचं काय झालं असेल ते तुम्हीच ठरवा. किंडलवरची आपली पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीनं हलवायची सोय होती, तीही अ‍ॅमेझॉननं २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून घेतली. मामा, तुमच्या कपाटातली पुस्तकं तुमच्या नातीला देताना कुणाची परवानगी लागत नाही. टॅबमधली द्यायची तर टॅबसकट पासवर्डही द्यावा लागेल.

किंडल आणि टॅब सारखेच दिसतात का? नाही. किंडलचा पडदा कागदासारखा, उन्हात गच्चीवर बसून वाचता येतो. टॅब उन्हात आरसा होतो, आणि वाचताना वर व्हॉट्सअ‍ॅप टुणकन वाजतं ते वेगळंच. उलट, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासाची पीडीएफ, नकाशे, चित्रांची पुस्तकं यांना टॅबच बरा. ज्याला जे हवं त्यानं ते घ्यावं. यात कचऱ्यात टाकण्यासारखं काही नाही.

राहिली ती लिंक. खरं तर या एका गोष्टीसाठीच मी हे लिहायला बसले.

‘४००० मराठी पुस्तकं’ या लिंकवर मी जुना, सिमकार्ड नसलेला फोन घेऊन गेले. आधी एक टेलिग्राम चॅनेल. त्यात खरोखरच पीडीएफचा ढीग. एक उघडली तर पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का, दाखल क्रमांकासकट. पुढच्या पानावर कोपरा दाबून धरणारा कुणाचा तरी अंगठा. म्हणजे गंमत बघा : वाचनालय बंद करा म्हणणारा मेसेज जे वाटतोय, ते वाचनालयातूनच उचललेलं! उद्या वाचनालयं बंद पडली तर हे स्कॅन तरी कशाचे करणार? त्याच ढिगात मी स्वतः जुळवलेलं एक पुस्तकही सापडलं. त्याच्या लेखिका अजून लिहित्या आहेत, आणि ई-आवृत्ती काढायला प्रकाशक तयार नाही, कारण ‘बाई, पीडीएफ फिरतेय ना, घेणार कोण?’

भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. आपले तात्यासाहेब शिरवाडकर १९९९ मध्ये गेले. कुसुमाग्रजांच्या कविता-नाटकांचा हक्क २०५९ संपेपर्यंत त्यांच्या वारसांकडे, हक्कदारांकडे राहणार. ज्या गावात त्यांच्या नावानं आपण मराठी भाषा दिन साजरा करतो, त्या गावात त्यांच्या संग्रहांच्या चोरट्या पीडीएफ ‘ज्ञान वाटा’ म्हणून फिरवायच्या? कायद्यात याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. फॉरवर्ड करणाऱ्या काकांना कुणी आत टाकणार नाही, मला माहितेय. पण चोरीला चोरी म्हणायला काय हरकत आहे?

मोफत आणि रीतसर हवंच असेल तर भरपूर आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या साइटवर आहेत, मराठी विश्वकोश आहे, बालभारतीची पाठ्यपुस्तकं आहेत, ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीनं पुस्तकं वाटतं. आणि १८४० पासून चालू असलेलं सावाना तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. ज्या शहरातून कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणत पेट्या भरभरून पुस्तकं बाहेर पाठवली, तिथल्या माणसानं वाचनालयाची वर्गणी एका मेसेजवरून बंद करावी, हे मला अजून पचलेलं नाही.

चॅनेलमध्ये वरच पिन केलेली एक फाइल होती : ‘सर्व पुस्तकं एकाच अ‍ॅपमध्ये’. प्ले स्टोअरवरचं अ‍ॅप नव्हे, सुटी एपीके फाइल. टाकून पाहिली. उघडताक्षणी पुस्तक दाखवायच्या आधी तिनं मागितली एसएमएस वाचायची परवानगी, मग कॉन्टॅक्ट्सची, मग इतर अ‍ॅपवर पडदा दाखवायची. कादंबरी वाचायला तुमचे एसएमएस कशाला लागतात? बँकेचा ओटीपी एसएमएसनंच येतो, म्हणून. पुस्तकं हे आमिष आहे आणि निवृत्त, वाचनवेडी, पेन्शन खात्यात असलेली माणसं हे गिऱ्हाईक.

मामांनी ती फाइल टाकली नव्हती. टॅब यायची वाट बघत होते म्हणून वाचले. त्यांच्या भिशीच्या ग्रुपमधल्या दोघांनी टाकली आहे. ज्यांनी कुणी टाकली असेल त्यांनी आधी इंटरनेट बंद करावं, सेटिंग्जमध्ये जाऊन त्या अ‍ॅपच्या परवानग्या काढून मग ते उडवावं, निघत नसेल तर फोन फॅक्टरी रिसेट करून कोरा करावा, आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा. तिथं जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.